बंबातलं जंगल

थंडी महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. आम्ही नाशिककर त्यावर इतके विसंबून असायचो की स्वेटर आणि शाली धुऊन ट्रंकेत टाकायचा दिवसही महाशिवरात्रीनंतरचाच ठरलेला असे. २०२५ साली मात्र थंडी कुणाचं नाव न घेताच निघून गेली. संक्रांतीनंतर स्वेटर नुसता खुंटीवर लटकत होता. सकाळी फिरायला जाताना डोक्याला स्कार्फ नको वाटायचा. आमच्या गुडघ्यांनी त्या हिवाळ्याला मनापासून आशीर्वाद दिले, खोटं कशाला सांगू?

त्या दिवसांत भाच्याचा फोन आला. “मावशी, हवा छान आहे, बोरगडला चल. फार चढायचं नाही, पायथ्याच्या जंगलात हिंडू.” त्याची मुलगी पाचवीत आहे, तीही येणार होती. माघी पौर्णिमेनंतरचा रविवार होता. म्हसरूळ मागे पडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि गाडीच्या काचा चक्क उघड्या होत्या. माझ्या तरुणपणी माघातल्या सकाळी सातला या रस्त्यावर कुणी काच उघडली असती, तर बाकीच्यांनी त्याला खाली उतरवलं असतं.

बोरगड म्हणजे नाशिकच्या उत्तरेचा डोंगर. माथ्यावर हवाई दलाचं केंद्र असल्यामुळे तिथे आपल्याला जाता येत नाही. अंगाखांद्यावर मात्र झाडी आहे. समोर, पेठ रस्त्याच्या अंगाला, रामशेज दिसतो. प्रभू रामचंद्रांची शेज म्हणून रामशेज, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

त्या दिवशी झाडीत पाय ठेवला आणि आधी आवाजच आला. सागाची पडलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. काटेसावरीला फुलं होती, त्यावर पक्ष्यांचा नुसता बाजार भरला होता. पळस खरं तर शिमग्याचा सोबती, पण एकदोन झाडं तेव्हाच केशरी झालेली. करवंदीच्या जाळ्या, खैर, आवळा, मधूनच बेहडा. ऊन कोवळं होतं पण त्याला चटका होता. नऊच्या सुमारास तर मी पदराने वारा घेऊ लागले.

दगडावर टेकलो. समोर रामशेज होता आणि मी आहे इतिहासाची शिक्षिका. निवृत्त झाले म्हणून सवय थोडीच निवृत्त होते! नातीला गोष्ट सांगायला सुरुवात केली.

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपुरात उतरला आणि १६८२ च्या वसंतात औरंगाबादला आला. नाशिकजवळचा हा लहानसा किल्ला चुटकीसरशी घेऊ, अशी त्याची कल्पना. शहाबुद्दीन खानाला मोठी फौज देऊन पाठवलं. किल्ल्यावर माणसं मोजकी. काही केल्या किल्ला पडेना. तेव्हा खानाने लाकडाचा एक प्रचंड दमदमा, म्हणजे बुरूज, उभारला. त्यावर पाचशे माणसं चढून गोळ्या झाडू शकतील एवढा! त्यानंतर बहादूरखान आला. त्याच्या काळात तर एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे निघाला. वरून गोफणीचा दगड आला, त्याच्या छातीवर बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे! मुलांना हा भाग फार आवडतो. नातही खळखळून हसली.

मग माझा आवडता भाग. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी काय केलं? झाडांचे ओंडके आतून कोरले, त्यांच्या तोफा केल्या आणि त्यातून चामड्याचा मारा केला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, पण त्यानेही लिहून ठेवलंय की या लाकडी तोफांनी दहा तोफांचं काम केलं. शेवटी वेढा उठवावा लागला, आणि एवढ्या खर्चाने उभारलेला तो लाकडी बुरूज बहादूरखानाने जाताना जाळून टाकला. किल्ला अखेर पडला तो १६८७ च्या सुमाराला, आणि तोही लढून नव्हे, पैसे चारून.

नात थोडा वेळ गप्प बसली. किल्ल्याकडे बघत होती. मग म्हणाली, “आजी, पण तोफेएवढं जाड झाड आहे कुठे तिथे?”

मंडळी, मी पस्तीस वर्षं हा धडा शिकवला. पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नाही. त्याहून वाईट म्हणजे, मी स्वतःला विचारला नाही.

१९८३ साली आमच्या शाळेच्या आठवीची सहल मी रामशेजला नेली होती. डिसेंबर होता, वारा हाडात शिरत होता. किल्ल्यावर उभं राहून मी हातवारे करून लाकडी तोफा सांगितल्या. खाली उतरल्यावर खिचडी शिजवायची होती, मुलं लाकडं आणायला पांगली. अर्ध्या तासाने आली ती घाणेरीच्या काटक्या आणि शेणाच्या वाळक्या गोवऱ्या घेऊन. एकाने निरगुडीचं एक ओलं झुडूपच मुळासकट उपटून आणलं. मी त्याला रागावले नाही. उलट “शाब्बास” म्हणाले, कारण खिचडीला उशीर होत होता. आजूबाजूचे डोंगर तेव्हा हजामत केल्यासारखे होते. लाकडी तोफांचा धडा मी अशा ठिकाणी उभी राहून शिकवला होता जिथे मनगटाएवढं खोड शोधावं लागत होतं. आणि ते मला खटकलंच नव्हतं.

त्या रविवारी घरी आल्यावर कपाटातली पुस्तकं काढली. झाडं कुठे गेली, याचा माग काढायचा ठरवलं.

पहिली गोष्ट म्हणजे, किल्ला आणि झाडी ही जोडी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमाराच्या ग्रंथात, गडाच्या अंगाची झाडी वाढवावी, तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये, कारण तीच गडाची राखण आहे, असं बजावलं आहे. आरमारासाठी लाकूड लागतं तेव्हाही आंबा-फणसाला हात लावू नका, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असंही त्यात आहे. तेव्हा झाडांना जपायचं ते हौसेखातर नव्हे. शत्रूचा हत्ती, तोफेचा गाडा, शिडी, काहीच झाडीतून धड पुढे सरकत नाही. झाडी हाच बिनपगारी पहारेकरी.

आता वेढ्याचा हिशेब मांडून बघा. हजारो माणसं, त्यांची जनावरं, वर्षानुवर्षं तळ. त्यांच्या चुली कशावर पेटत होत्या? पाचशे माणसांचा लाकडी बुरूज कशाचा उभा राहिला? पुस्तकात तळाला किती सरपण लागलं याचा आकडा नसतो, पण स्वयंपाक केलेल्या बाईला तो अंदाजाने कळतो. आपण लढाईत माणसं किती पडली ते लिहितो, झाडं किती पडली ते लिहीत नाही.

तरीही डोंगर तेव्हा कायमचे बोडके झाले नसावेत. तोडलेलं जंगल, मूळ शाबूत असेल आणि माणूस पाठ फिरवील, तर वीसपंचवीस वर्षांत पुन्हा अंग धरतं. साग तर बुंध्यातून फुटतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा माणूस पाठ फिरवतच नाही.

तशी वेळ पुढे आली. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी इंग्रजांच्या आरमारासाठी ‘ट्रिंकोमाली’ नावाचं सागवानी जहाज बांधलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८१८ त, त्र्यंबक पडला आणि रामशेजसह आजूबाजूचे बरेच किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. विलायतेत ओक कमी पडू लागला होता, त्यामुळे आपल्या सागावर त्यांचा डोळा होता. तोड एवढी झाली की १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जंगलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा लागला, डॉ. अलेक्झांडर गिब्सन. मग रेल्वे आली. थळ घाटातून गाडी १८६५ ला धावू लागली. रुळांखाली लाकडी स्लीपर, पुलांना लाकूड, सुरुवातीच्या काळात इंजिनाच्या पोटातही लाकूड. १८६४ त सरकारी जंगलखातं निघालं, १८६५ त पहिला कायदा, १८७८ त त्याहून कडक.

कायद्याने जंगल वाचलं का? काही ठिकाणी वाचलं, हे कबूल करायला हवं. पण त्यात एक मेख होती. झाड सरकारचं झालं, आणि काल जो त्याला आपलं म्हणत होता तो आज चोर ठरला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत ते उगाच नव्हे. गावाची गायरानं आणि डोंगर गेल्यावर शेतकऱ्याने शेळी कुठे चारायची? घाटमाथ्यावरचा आदिवासी राब भाजून भात-नागली लावतो, त्याने फांदी कुठली तोडायची? १९३० साली बिळाशीपासून आमच्या बागलाणापर्यंत जंगल सत्याग्रह झाले, त्याच्या मुळाशी हीच कळ होती. मीठ जसं साऱ्यांचं, तसं गवत आणि लाकूडही साऱ्यांचं. पण जे माझं नाही ते मी कशाला जपू, ही भावना एकदा रुजली की ती स्वराज्य आल्यावरही लगेच जात नाही. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. माणसाला खायला नव्हतं, तिथे झाडाला कोण विचारतो?

इथपर्यंत सगळं छान जुळत होतं. औरंगजेब दोषी, इंग्रज दोषी, दुष्काळ दोषी. धडा संपला, मुलांनो, आता स्वाध्याय सोडवा! पण तो रविवार अजून संपला नव्हता, आणि जे सांगायचं होतं ते मी शेवटासाठी मुद्दामच मागे ठेवलं आहे.

परतताना पायवाटेच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील, कदाचित चार वर्षांनी मोठ्या. शेजारी वाळक्या काटक्यांचा छोटा भारा होता. मी पाणी पुढे केलं, त्यांनी ओंजळीने प्यायलं. गप्पा सुरू झाल्या. घरात गॅस आहे, पण टाकी भरून आणायला पैसे पडतात, म्हणून अंघोळीच्या पाण्याला काटक्या, असं म्हणाल्या. मी विचारलं, “पूर्वी इथे झाडी होती का हो?”

“व्हती ना. आम्हीच तोडली,” त्या सरळ म्हणाल्या. “पहाटं तीनला निघायचो आम्ही पोरीपोरी, डोईवर मोळी. उजाडायला पंचवटी कारंजावर. दीड-दोन रुपये मिळायचे मोळीचे.”

मी गप्प झाले. पंचवटी कारंजापासून आमचा वाडा पाच मिनिटांवर होता.

त्या हसून पुढे म्हणाल्या, “तुमच्यासारख्याच बाया घ्यायच्या की मोळी. बाई, लई घासाघीस करायच्या!”

मी करायचे घासाघीस. आमच्या वाड्यात मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. लग्न होऊन आले तेव्हा घरात अकरा माणसं. नाशिकची थंडी तेव्हा अशी की मोरीतल्या बादलीत हात घालवत नसे. बंब पहाटे पाचला पेटायचा तो नऊ-साडेनऊपर्यंत धडधडत असायचा. वखारीचं लाकूड महाग, म्हणून दारावर आलेली मोळी आम्ही सुना घ्यायचो. लाकूड ओलं आहे, बारीक आहे, मोळी सैल बांधली आहे, असं काहीबाही बोलून चार आणे, आठ आणे कमी करायचो. संध्याकाळी सासूबाईंना ते कौतुकाने सांगायचो. ती पोरगी अनवाणी किती कोस चालून आली, हे विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. आणि ती मोळी कुठल्या डोंगरावरून आली, हे विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

म्हणजे १९८३ च्या सहलीत मला जो डोंगर बोडका दिसला, तो थोडाथोडा करून आमच्याही बंबात जळला होता. आमच्या बंबात, शेजाऱ्यांच्या बंबात, साऱ्या पंचवटीच्या बंबांत. जिच्या नावातच पाच वड आहेत ती पंचवटी! औरंगजेबाचा दमदमा एकदाच जळला. आमचा बंब रोज जळत होता.

बाईंना मी हे बोलून दाखवलं नाही. धीर झाला नाही. “तेव्हा फार थंडी असायची हो,” एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, “व्हय. यंदा नाही. यंदा गव्हाला बी थंडी न्हाई.”

त्या दोन वाक्यांनी माझ्या डोक्यातला इतिहास पुन्हा उसवला. कारण गुडघे सुखावणाऱ्या हवेत मी गव्हाचा विचारच केला नव्हता. गव्हाचा दाणा भरतो तो थंडीत. माघातच उन्हाला चटका आला तर ओंबी लवकर पिवळी पडते आणि दाणा बारीक राहतो. हरभऱ्याचंही तेच. आमच्या निफाडला पारा कधीकधी दोनतीन अंशांवर येतो, तेव्हा द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. तीही टोकाची गोष्ट, आणि हीही टोकाचीच. पुढे हवामान खात्याने जाहीर केलं की २०२५ चा फेब्रुवारी हा सरासरी तापमानाच्या हिशेबाने देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्याआधीचं २०२४ हे अख्खं वर्षच १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण होतं. एका सौम्य हिवाळ्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. पण अशी वर्षं एकामागून एक यायला लागली की त्याला योगायोग म्हणवत नाही.

आमचा बंब १९८९ च्या आसपास मोडीत गेला. गॅस आला, गिझर आला. मोळीवाल्या पोरी दिसेनाशा झाल्या आणि आम्हाला वाटलं, चला, आता आपल्या अंघोळीसाठी कुणाचं झाड तुटत नाही. ते खरंच आहे. पण गिझर वीज खातो, आणि आपल्याकडची बहुतेक वीज अजूनही कोळशावर होते. आमच्या एकलहऱ्याच्या चिमण्या मी रेल्वेतून कितीदा पाहिल्या आहेत. कोळसा म्हणजे तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगलच. फरक एवढाच की तेव्हा मोळी बाईच्या डोक्यावर दिसायची. तिच्याशी घासाघीस करावी लागायची, तिचे पाय दिसायचे. आता बटण दाबलं की झालं. कुणाच्या डोक्यावर ओझं आहे तेच दिसत नाही. त्या सकाळी काच उघडी टाकून मी ज्या सुखद हवेचं कौतुक करत होते, ती हवा आपल्या साऱ्यांच्या बंबांचीच असेल तर?

आता चांगली गोष्टही सांगते, नाहीतर माझी भाची म्हणेल, मावशीचा ब्लॉग वाचला की जेवण जात नाही.

ज्या बोरगडच्या झाडीत आम्ही हिंडलो, तो डोंगरही एकेकाळी असाच उघडा होता. मग नाशिकच्या निसर्गप्रेमी मंडळींनी, वनखात्याने, हवाई दलाने आणि पायथ्याच्या गावांनी मिळून तो जपायला घेतला. रोपं लावली, चराई आणि तोड थांबवली, वणवे विझवले. २००८ साली सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचं हे रान संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. महाराष्ट्रातलं अशा प्रकारचं ते पहिलं. २००२ च्या कायदादुरुस्तीनंतर ही नवी तरतूद आली. तिच्या व्यवस्थापनात गावकऱ्यांनाही जागा आहे. १८७८ च्या कायद्याने गावकऱ्याला कुंपणाबाहेर काढलं होतं, इथे त्याला पुन्हा आत बोलावलं. पुढे आमच्या अंजनेरीलाही असाच दर्जा मिळाला. तीनशे वर्षांत गेलेलं सगळं तीस वर्षांत परत येत नाही. पण मी १९८३ ला पाहिलेल्या डोंगरांच्या शेजारी उभी राहून सांगते, की पुष्कळ येतं.

निघताना त्या बाईंचा भारा भाच्याने गाडीत घेतला आणि त्यांना वस्तीपर्यंत सोडलं. उतरताना त्यांनी मूठभर आवळे नातीच्या हातात ठेवले. मी पर्समध्ये हात घातला, तर म्हणाल्या, “राहू द्या बाई. पोरीला दिलेत.” पन्नास वर्षांपूर्वीचे ते आठ आणे अशा रीतीने माझ्याकडेच राहिले.

घरी येताना नातीने पुन्हा विचारलं, “आजी, मग तोफेएवढं झाड व्हायला किती वर्षं लागतील?”

मी म्हटलं, सागाला पन्नास-साठ वर्षं तरी लागतील. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “म्हणजे मी तुझ्याएवढी होईन तेव्हा.”

ती तेव्हा कुणाला तरी घेऊन तिथे जाईलच. माघ महिना असेल. त्या सकाळी गाडीच्या काचा लावाव्यात इतपत थंडी तिच्या वाट्याला शिल्लक असावी, एवढीच इच्छा आहे.

जुना बंब मोडीत घातला तेव्हा त्याची तांब्याची चावी तेवढी मी काढून ठेवली होती. ती आता माझ्या टेबलावर, पुस्तकांशेजारी ठेवली आहे. स्वेटर मात्र त्या वर्षी न वापरताच ट्रंकेत गेला.